संपर्कसत्र

वसतिगृहाच्या वहीत 'कुठून आलात' या रकान्यात
कोवासे मॅडमनी कुरखेडा लिहिलं,
इरफान तांबोळीने कळमनुरी,
मी लिहिलं, नाशिकरोड.
वॉर्डनने चष्म्यावरून पाहिलं : मग राहताय कशाला?
नियम आहे, म्हटलं. दहा दिवस. सहीसकट.

खरं तर धरणाच्या या अंगावरून शहर ओलांडलं
की माझं घर. एक बस बदलून.
पण पहिल्या रात्री गादीला फिनेलचा वास,
खिडकीच्या फटीतून जानेवारी आत येत होता,
आणि पलीकडे कुणी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून
मण्यांसाठी जागत होतं,
तेव्हा वाटलं, फार लांब आलेय.
नवऱ्याचा फोन : हिंग कुठाय?
वरच्या फळीवर, मेथीच्या मागे.
त्याला तिथून दिसत नाही.
मला इथून दिसतो.

वर्ग म्हणजे गोल मांडलेल्या बारा खुर्च्या.
सर्जनशील लेखन, एम. ए., भाग पहिला.
वय वर्षे तेवीस ते एकसष्ट.
इरफान डेपोत गाड्यांचे ब्रेक बघतो,
त्याच्या कथेत कुठेच ब्रेक लागत नाही.
कोवासे मॅडम वाचता वाचता थांबतात,
एका गोंडी शब्दाला मराठी सापडत नाही,
हवेत हात फिरवतात, पुढे जातात.
आम्ही तो हात लिहून घेतो.

मी समुद्र वाचला.
टिपरे बाई म्हणाल्या, पाहिलाय कधी?
एकदा. शाळेच्या सहलीत.
गाडी लागली होती, झोपूनच होते.
मग?
मग चहा आला.

पुढचे महिने टपालाने.
बाई लातूरला, मी इथे,
महिन्याला एक पाकीट, पंधरा पानं.
परत येतं तेव्हा समासात पेन्सिल :
हा विरह कुणाचा?
इथे तुम्ही चांगल्या दिसायला बघताय.
आणि एकदा सगळं पान तसंच सोडून, तळाशी,
तुमच्या हातांना काय येतं?

माझ्या हातांना येतं ते असं.
एकोणीस वर्षं मी छापखान्यात तिकिटं तपासते,
टपालाची. ताव उजेडावर धरायचा,
भोकांची रांग चित्रात शिरली असेल
तर ताव बाद.
अर्धा केस सरकली तरी बोटाला कळतं,
डोळ्याच्या आधी.
आत पेन न्यायचं नाही, कागद बाहेर आणायचा नाही.
सुटताना फाटकावर झडती,
डबा उघडा, चपला काढा.
शेवंताबाई रोज माझा अंबाडा चाचपते
आणि रोज म्हणते, जा.
दुपारी तीनला सुचलेली ओळ
मी साडेपाचपर्यंत दाढेखाली धरून आणते.
कधी दोन.
तिसरी बहुतेक दत्तमंदिर चौकात सांडते.

हे लिहून पाठवलं, समुद्र काढून.
बावीस दिवस काही नाही.
पोस्टमनच्या सायकलकडे
मी बघत नाही असं दाखवत होते.
नवऱ्याने विचारलं, नापास करतात का गं यात?
माहीत नाही, म्हटलं.
तो म्हणाला, मग चांगलंय.

काल पाकीट आलं.
पानांवर कुठेच पेन्सिल नाही.
फक्त 'झडती' या शब्दाखाली एक रेघ,
तीही खोडलेली, रबराची वळकटी घडीत तशीच.
याचा अर्थ काय लावायचा?
जुलैच्या सत्रात विचारीन.
किंवा नाही विचारणार.

पाकिटावरचं तिकीट आमच्याकडचंच.
शिक्का पडायचा राहून गेलाय.
आणि डाव्या बाजूची भोकं
अर्धा केस आत.
माझ्याच टेबलावरून सुटलं असणार.
अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.
मग पाकीट वरच्या फळीवर,
हिंगाच्या डबीमागे
ठेवून दिलं.