पाहा : मगदूम, धोंडीराम

उद्यमनगरात आमचा छापखाना, त्याच्या माळ्यावर कात्रण विभाग.
विभाग म्हणजे मी, एक कात्री, खळीचा डबा
आणि अकारविल्ह्यानं लावलेली खाकी पाकिटं.
मंत्री, मल्ल, गुळाचे दर, पंचगंगेची पातळी :
रोज सकाळी कालचा अंक कापायचा
आणि ज्याचं त्याला देऊन टाकायचं.

मगदूम, शालन. हे पाकीट चपटं.
आत एकच चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली :
पाहा : मगदूम, धोंडीराम.

धोंडीरामचं पाकीट फुगलेलं, दोऱ्यानं बांधलेलं.
तालमीची निवडणूक, मिरवणुकीतला फेटा, फुटबॉलचा राडा,
मग वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला ती सोडत,
आणि तिथून पुढं, त्याच्या खांद्यामागं,
बाई.

'वहिनींनी खोचला पदर.'
'अर्ज भरताना मोरपंखी इरकल', काठ कुठला तेही दिलेलं.
समोरच्या सरनोबत वकीलबाई, त्या 'तिखट जिभेच्या'.
दोघी एकदा दत्ताच्या देवळाबाहेर उभ्या राहून बोलल्या,
काय बोलल्या ते कुणी विचारलं नाही.
मथळा आला : 'जावा-जावांची झुंज'.
त्या जावा नव्हत्या. लांबच्याही नव्हत्या.
नातं आम्ही लावलं, चार कॉलमात बसत होतं म्हणून.

रविवारी पुरवणीत शालनबाईंचा पांढरा रस्सा,
खसखस किती, ओलं खोबरं किती, प्रमाणासकट.
आमच्या घरी केला. चांगला झाला होता,
खोटं कशाला बोलू.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी :
'धोंडीराम मगदूम यांनी गड राखला'.

आठवडाभरानं ती एकटीच जिना चढून आली.
"गवंडी गल्लीच्या कोपऱ्यावर बोलल्ते मी,
नाल्यावरच्या पंपाचं. तुमचा पोरगा लिहून घेत हुता.
तेवढं कात्रण द्या. पहिल्याच सभेत वाचून दाखवायचंय,
काय कबूल केलंतं ते."

मी तारीख काढली. अर्धा कॉलम.
'महिलांची लक्षणीय गर्दी. वहिनींचे ठसकेबाज भाषण.'
खाली सोन्याच्या दुकानाची जाहिरात.

ती दोनदा वाचत राहिली. मग हसली.
"ठसका? सर्दी झालती मला."

स्टुलावर बसून तिनं कोरा कागद मागितला
आणि आठवून आठवून लिहीत गेली :
पंप दोन, चालू एक. दुसऱ्याची मोटर कुणी नेली.
पाणी कुणाच्या दारात कितव्या पायरीपर्यंत येतं,
भोसल्यांची तिसरी, शिकलगारांची पाचवी,
कासारमावशीला पायरीच नाही.
ठेकेदाराच्या नावाखाली रेघ. रेघेखाली आणखी एक.

"हे ठेवा."
मी म्हणालो, बाई, नियम आहे,
इथं छापलेलंच ठेवतात.
"मग छापा की."
मी म्हणालो, मी फक्त कापतो.

तिनं कात्रीकडं बघितलं.
चपला जिन्यावर वाजत खाली गेल्या,
शेवटच्या पायऱ्या मोजल्यासारख्या.

कागद मी तिच्या चपट्या पाकिटात सरकवला. न चिकटवता.
धोंडीरामच्या पाकिटात उलटी चिठ्ठी टाकावी
असं त्या संध्याकाळी मनात आलं होतं.
टाकली नाही. पेन्शनला सात वर्षं होती.
दुसऱ्या दिवशी ताजं कात्रण आलं,
'नूतन नगरसेविका हळदीकुंकवात रमल्या',
ते कुठं घालायचं हे हाताला पाठ होतं.

जुलैत नाला फुगला.
शिकलगारांची पाचवी गेली, सातवी गेली.
रात्री अकराला नवा वार्ताहर भिजलेल्या पँटनं वर आला :
काका, पंपावर जुनं काय आहे काय? पान थांबलंय.
मी तो कागद दिला.

त्यानं दिव्याखाली धरला, भराभरा वाचला,
उलटून मागची बाजू बघितली.
"भारी आहे हो. पण हे आलंतं कधी?
यावर तारीख नाही."