इंग्रजी आठ

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या साडेचार फुटी गाळ्यात
वर्सोव्याचे धाकू तांडेल आले, म्हणाले,
मोबाइलची उत्तर चुकतेय.
मी विचारलं, प्रश्न काय होता?
ते हसले नाहीत.
मला नको रे, मुलगा हिच्यावरच होडी नेतो.

भिंगाखाली चिप धरली.
आत एक पट्टी असते, पापणीच्या केसाहून बारीक,
दोन्ही टोकांनी टांगलेली.
तिच्यातून वीज वाहिली की पृथ्वी तिला कोपरानं ढोसते:
सरक जरा.
ती सरकते. किती, याला आकडा आहे,
शब्द नाही.

पण तिला धक्का कळतो, कुणाचा ते नाही.
मागची लिफ्ट, अब्बासभाईंचे स्पीकर,
माझा स्क्रू ड्रायव्हर,
सगळे तिला पृथ्वीच वाटतात.

हवेत आठ काढा, म्हटलं. इंग्रजी.
आपला ८ नको, तो उघडाच राहतो.
जाळं फेकावं तसा त्यांनी हात फिरवला,
शेजारचा कॅल्क्युलेटर खाली पडला.
उत्तर हलली, आणि पुन्हा
गिरगाव चौपाटीकडे तोंड करून बसली.

मग कव्हर पाहिलं. निळं,
झडपेला गोल लोहचुंबक.
हे काढून टाका.
सुनेनं दिलंय, ते म्हणाले,
तिच्या पहिल्या पगारातून.

मी पैसे घेतले नाहीत.
फोन त्यांनी डाव्या खिशात ठेवला, कव्हर उजव्या,
मध्ये ते स्वतः.
एवढं अंतर पुरेल?
म्हटलं, पट्टीला विचारावं लागेल.