जोडसायकल

पुढे मी, मागे माझा भाऊ वुब्बो.
ब्रेक माझ्या हातात, घंटाही माझीच;
त्याच्याकडे फक्त दोन पाय
आणि अख्खा रस्ता, पाठ.

डांबर संपतं तिथे मधोमध एक लाकडी खुंट.
हँडल जरा तिरकं करून त्याच्या बाजूने आत शिरलं
की महामार्ग मागे राहतो,
कुणीतरी दार ओढून घेतल्यासारखा.
मग साखळीचा आवाज,
शिंपल्यांच्या चुऱ्यावर कुरकुरणारे टायर,
आणि मागून: "रूल्फीन, दम लागला का गं?"
"तुझे पाय नुसते ठेवलेस पेडलवर. मीच ओढतेय."
"मी पेन्शनर आहे," तो म्हणतो.

आधी जंगल.
जंगल म्हणजे कवायतीला उभी केलेली पाइनची झाडं.
बापाने लावलेली, बेकारीच्या वर्षांत, रोजावर.
एका रोपामागे किती सेंट मिळायचे
ते तो मरेपर्यंत सांगायचा
आणि दर वेळी आकडा बदलायचा.

वुब्बो नाकाने वाचतो सगळं.
"ओक सुरू झाले."
"इथे तोड झालीय, परवाच."
"आता तळं. डावीकडे."
मी बघते. तळं डावीकडेच असतं,
एक बगळा त्यात कंटाळून उभा.

चौफुलीवर दिशादर्शक:
गुडघ्याएवढा, पांढऱ्या छत्रीचा, अळंबीसारखा.
"थांब," म्हणतो. थांबते.
एकतीस वर्षं हीच नोकरी त्याची.
शेवाळ खरवडायचं, छत्री पांढरी करायची,
गावांची नावं काळ्या रंगाने पुन्हा भरायची.
डोळे जाऊन आता दोन वर्षं झाली.
तो उकिडवा बसतो, तळवा फिरवतो,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर फिरवावा तसा.
"हाल्डरव्हीन, चार पूर्णांक शून्य.
कोण नवा पोरगा आलाय कोण जाणे.
शून्याचं पोट केवढं सोडलंय!"

मग झाडं संपतात. हळूहळू नाही, एकदम.
छप्पर उडालेल्या घरात पाऊल टाकावं
तसा समोर माळ.
ऑगस्टचा शेवटचा आठवडा.
दर वर्षी याच दिवसांत हेदर फुलतं
आणि इथून आभाळाच्या कडेपर्यंत
जमीन जांभळी होऊन बसते.

या वर्षी भुंगेरे पडले.
मैलभर नुसतं तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं,
बोट लावलं की भुकटी.

"फुललंय?"
"जांभळं," मी म्हणाले, "डोळ्यांत मावत नाही इतकं."
आणि उगाच जोरात पेडल मारलं.

तो गप्प. मीही गप्प.
वारा दोघांच्या मधून जात होता,
एका सीटइतक्या जागेतून.

मेंढ्यांच्या फाटकाचं छप्पर दिसायला लागलं तेव्हा बोलला:
"मधमाश्या रजेवर गेल्यात वाटतं."

मला वळून बघता येईना.
जोडसायकलवर पुढच्याने वळून बघायचं नसतं.

"भुंगेरे पाला खातात, मुळं नाही," तो म्हणाला,
"दोन वर्षं धरून चाल.
आता खरं सांग. कसलं तपकिरी?"

मग सांगत गेले.
जवळचं गंजलेल्या पत्र्यासारखं,
"हं."
पलीकडचं मेंढीच्या पाठीसारखं, मळकं,
"हं."
आणि लांब, भूर्जांच्या खाली,
आपल्या शाळेतल्या बाकांचं होतं तसं.

"म्हणजे आठ नंबर," तो म्हणाला.
"खुंटांना देतो तो. लवकर वाळत नाही,
पावसाच्या दिवसांत कधी लावायचा नाही."

सायकल अचानक हलकी झाली.
मी पाय सैल सोडून बघितले.
चाकं चालत होती.

फाटक उघडायला उतरले
तेव्हाही मागे त्याचं सुरूच होतं,
कोणता डबा, कोणता नंबर,
कुठल्या कपाटात,
वरून कितव्या फळीवर.