तेरा पूर्णांक दोन

ऑक्टोबर लागला की दुकानात एकच प्रश्न येतो,
हातमोजे तेवढे वेगवेगळे:
सगळ्यात स्वस्त चार्जर कोणता?

मी उत्तर देत नाही. मीच विचारतो.
बॅटरी शिशाची की लिथियमची?
गाडी झोपते तिथे सॉकेट आहे?
आणि तुम्ही स्वतः किती विसरभोळे?
तिसऱ्याचं खरं उत्तर आर्विड्सयाउरमध्ये
आजवर कुणी दिलेलं नव्हतं.

मेल्करनं दिलं.
सोळा वर्षांचा, टोपीवर वितळतं बर्फ.
फार विसरतो, म्हणाला, म्हणून तर आलो.
गाडी आईची. लाल, एका सिलिंडरची,
त्याच्याहून चार वर्षांनी मोठी.
आई दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर स्वयंपाक करते;
इथला अंधार सुरू झाला की तिथल्या उजेडात जाते,
एप्रिल सरता सरता परतते.
"आल्या आल्या आधी बटण दाबते,
मग मला भेटते."
तो हसला नाही, म्हणून मीही नाही.

फळीवर तीन डबे होते.

पहिला स्वस्त. तो देत राहतो, वाढत राहतो,
पोट भरलेल्याच्या पानात
आग्रहानं अजून एक टाकणारा यजमान.
एका फेब्रुवारीत त्यानं माझीच बॅटरी
चुलीवर विसरलेल्या दुधासारखी आटवली.
अति तिथे माती म्हणतात;
माझ्याकडे पांढरी बुरशी उरली
आणि गॅरेजभर कुजक्या अंड्यांचा वास.

दुसरा दहा अँपिअरचा, ट्रकवाल्यांसाठी.
त्यानं मोटारसायकलची बॅटरी भरणं म्हणजे
पिलाला बंबाच्या नळीनं पाणी पाजणं.

तिसरा मुठीत मावणारा. एक अँपिअरसुद्धा नाही.
किंमत वाचून मेल्करनं खिसा चाचपला.
हा वेगळं काय करतो?
हा थांबतो, मी म्हटलं.
चौदा पूर्णांक चारपर्यंत नेतो, मग हात काढून घेतो,
तेरा पूर्णांक दोनवर नुसता बसून राहतो.
बॅटरी जरा घसरली
की तेवढंच, चमचाभर.
"म्हणजे बहुतेक वेळ काहीच करत नाही?"
बहुतेक वेळ काहीच करत नाही.
त्याचेच पैसे.

शेडमध्ये सॉकेट नव्हतं.
म्हटलं, बॅटरी काढ, खोलीत ने, फळकुटावर ठेव.
काढताना आधी काळी, मग लाल.
बसवताना उलट.
त्यानं तळहातावर लिहून घेतलं.
पैसे थोडे कमी पडले. एप्रिलमध्ये दे, म्हटलं.

जानेवारीत फोन. बाहेर उणे चौतीस.
लाल दिवा लुकलुकतोय, मेली वाटतं.
चिमटा बघ, मी म्हटलं.
बराच वेळ खुडबुड, मग श्वास. हिरवा.
ठेवतो म्हणाला, पण ठेवला नाही.
आईचा फोन रविवारी येतो, म्हणाला,
उपग्रहावरून. चार मिनिटं.
पुरतात?
थोडा विचार केला त्यानं.
पुरतात.

एप्रिलच्या शेवटी, रस्त्याकडेच्या बर्फाचे ढीग
काळे पडून खचत असताना
दुकानासमोर एक सिलिंडर धडधडत उभं राहिलं.
बाई आत आली, नाक सोलवटलेलं,
इथल्या कुणाचं त्या महिन्यात नसतं तसं उन्हानं रापलेलं तोंड.
राहिलेले किती?
मोजून दिले, एक नाणं जास्तच.
इंजिन बाहेर तसंच चालू.
काचेतून मागच्या सीटवर मेल्कर दिसला,
दोन्ही हात पुढच्या रिकाम्या सीटवर टेकलेले.
मी खुणेनं सांगितलं:
बंद कर की, पेट्रोल जातंय, होईल पुन्हा चालू,
मी सांगतो ना.

त्याला कळलं सगळं.
त्यानं मान हलवली. नको.