होणार, पण कधी

डेल्टा जी ऋण आला की पेडणेकर बाई म्हणायच्या,
होणार, हे होणारच.
कधी, ते पुढच्या धड्यात.

पुढचा धडा मी कोपरखैरण्याच्या खोलीत
मोठ्यानं वाचला. बाबा तांदूळ निवडत होते.
तुर्भ्याची रंगाची कंपनी बंद पडून नऊ वर्षं;
त्यांच्या घड्याळाचा पट्टा अजून निळा.

हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं उत्स्फूर्त असतं.
'मग सोनार गप्प कसे?'
वेग, बाबा. वेग जवळजवळ शून्य.
मध्ये ऊर्जेचा चढ असतो, पारसिकच्या डोंगरासारखा.

तांदळातला खडा बोटावर धरून ते बसून राहिले.
ठाण्याच्या कोर्टात निकाल आमच्या बाजूनं लागलाय,
रक्कम, शिक्का, सगळं आहे.
'म्हणजे आमचंही ऋण.'
हो.
'आणि चढ?'

उत्प्रेरक लागतो, मी म्हटलं. तो चढ उतरवतो,
स्वतः खर्च होत नाही.
'आम्ही तेवीस होतो,' बाबा म्हणाले. 'सहा खर्च झाले.'

कंपनीच्या गेटला गंज धरलाय,
त्याला कुठली तारीख लागली नाही.

मग माझी पेन्सिल घेऊन
त्यांनी कॅलेंडरवर वसुलीची पुढची तारीख लिहिली.
पेनानं नाही लिहीत.
खोडावी लागते.