नैसर्गिक आवाजात

कलिन्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
मला पंच म्हणून बसवलं.
पाणी खात्यातून दोन माणसं हवी होती,
घाडीगावकर रजेवर, म्हणून मी आणि तिरोडकर.
काम काही नाही मॅडम, म्हणाले,
फक्त ऐकायचं. शेवटी सही.

खोली आवाजबंद असते म्हणे.
पण एसी बिघडलेला, खिडकी बोटभर उघडी,
आणि त्या बोटभर फटीतून
दर तीन मिनिटांनी एक अख्खं विमान आत यायचं.
तपासणीच्या बाई हात वर करायच्या. सगळे गप्प.
विमान कुठेतरी टेकायचं,
मग हात खाली.

समोर भोईर. उमाकांत काशिनाथ, वय सत्तेचाळीस,
कुठल्याशा खिडकीमागचा कारकून.
इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं,
घशातून काही निसटू नये म्हणून असेल.
हातात कागद. कागदावर त्याचंच म्हणे वाक्य, टाईप केलेलं:
‘साहेबांचं काय ते बघा, माझं राहू द्या.’
तीनदा वाचायचं.

त्याने वाचलं
तिसरीतला मुलगा धडा वाचतो तसं,
शब्दाशब्दावर बोट ठेवून.
‘असं नाही,’ बाई म्हणाल्या, ‘नैसर्गिक आवाजात.
त्या दिवशी बोललात तसं.’
‘त्या दिवशी मी बोललोच नाही,’
तेही धड्यासारखंच.
विमान आलं.

पडद्यावर त्याचा आवाज उमटत होता,
काळ्याकरड्या पट्ट्या,
गळक्या मोरीच्या भिंतीला ओल धरते तशा.
माझा वेळ जावा म्हणून बाईंनी दाखवलं:
हा बघा, हा ‘आ’.
माणूस आवाज घोगरा करील, नाकातून काढील,
पण ‘आ’ म्हणताना तोंडाची पोकळी कुठे लपवणार?
शेजारी दुसरा ‘आ’, त्या दिवशीचा,
कुणाच्या खिशातल्या यंत्राने धरलेला,
त्याच्यामागे पंख्याची घरघर, पेल्यावर चमचा.
दोन ‘आ’ शेजारी शेजारी,
बघायच्या कार्यक्रमात बसवल्यासारखे.
जुळले का? मी विचारलं.
यंत्र हो म्हणत नाही हो, बाई हसल्या,
नाहीही म्हणत नाही. शक्यता म्हणतं.

सहाव्या वाचनाला भोईरचा घसा बसला.
पुन्हा विमान, बाईंचा हात वर, लाल दिवा बंद,
आणि त्या घरघरीखालून
तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला,
‘ताई, जरा पाणी मिळंल का?’

झालं.
तो ‘जरा’.
त्या ‘जरा’तलं ते वाकणं,
मागतोय तो, पण उपकार तुमच्यावर.
टेपमधल्या ‘माझं राहू द्या’त हेच होतं, अगदी हेच.
खिडकीच्या या बाजूला एकोणतीस वर्षं काढली,
मला पट्ट्या लागत नाहीत.

तिरोडकर मोबाईलवर भाव बघत होते.
मी उठून पाणी आणलं.
तो प्यायला, पेला उपडा घातला,
पुन्हा धडा वाचायला लागला.

पंचनाम्यात पाणी नाही.
पंचाने काय घडलं ते बघायचं असतं,
काय कळलं ते कुणी विचारत नाही,
रकानाच नाही त्याला.
‘आमच्यासमक्ष, कोणत्याही दबावाविना’,
खाली माझी सही, जराशी तिरकी,
त्याखाली तिरोडकरांची.

रात्री ओट्यापाशी गवार मोडता मोडता
म्हणून पाहिलं, उगाच.
साहेबांचं काय ते बघा, माझं राहू द्या.
धडा झाला.
पुन्हा. पुन्हा धडाच.
मग शेंगेवरची नजर न काढता,
मान थोडी कलती करून,
फाईल सरकवताना म्हणतो आपण, तसं,

आणि आतल्या खोलीतून रेवती ओरडली,
‘आई, कोण आलंय गं?’