तिथीची पाऊणपट

सभेची तारीख ठरली की साहेब आधी तिथी विचारत.
लोकांना वाटे, मुहूर्त बघतात.
मी बावीस वर्षं त्यांची डायरी सांभाळली,
मला माहीत आहे, ते भरती मोजत.
पंचमी? पाचाची पाऊणपट, पावणेचार.
पावणेचारला खाडी तुडुंब.
"तवा सभा नको. मानसं बांधावर असतात."
बांध कुठला आता, साहेब?
तिथे वीस-वीस मजले उभे आहेत.
"हां," ते म्हणत, आणि तरीही सभा साडेपाचला.

हसुराम पोशा केणी, मुक्काम तळवली.
शिक्षण जुनी अकरावी, नापास.
व्यवसाय शेती.
पाच निवडणुका, पाच प्रतिज्ञापत्रं, सगळी मीच भरली,
आणि टाइप करणारा पोरगा दर वेळी
त्या शब्दाशी थांबून वर बघायचा.
सातबारा तर कधीच सरकारजमा झाला होता.
"लिव शेती. जमीन गेली, हात काय गेलं?"

लहानपणी त्यांच्याकडे उघाडी होती.
भरतीला फळी पाडायची,
ओहोटीला उचलायची,
गोडं पाणी बाहेर, खारं आत नाही.
नऊ वर्षांच्या पोराच्या मुठीत अख्ख्या गावाचा भात.
एका रात्री डोळा लागला.
पुढची तीन वर्षं खाचरांवर मिठाची पांढरी साय,
आणि गाव त्यांच्या बापाला एका शब्दानं बोललं नाही.
"बोलले असते तं बरं झालं असतं."
हे एकदाच सांगितलं,
मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये,
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे.
मग दार उघडलं, आणि बाहेर हार घेतलेली माणसं.

तीन पक्ष बदलले.
लोक म्हणतात, वारा बघून फिरला.
वारा त्यांना कळत नसे, पाणी कळे.
ओहोटी लागली की फळी उचलायची,
एवढंच येत होतं त्यांना,
आणि ते फार चांगलं येत होतं.

शेवटी राज्यमंत्री झाले. खातं खारभूमी.
आदेश वाचून इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला.
तिसऱ्या आठवड्यात ती फाइल आली.
कुठल्याशा गावचा बांध, लांबी अठ्ठावीसशे मीटर,
शेरा: सद्यःस्थितीत उपयुक्तता नाही.
अकरा महिने ती टेबलावर पडून होती,
वर पाण्याचा तांब्या.
तांब्याचा गोल डाग पडला मुखपृष्ठावर.
वरून फोन येत, ते म्हणत, वाचतोय.
मग एका दुपारी, मान वर न करता,
"आज तिथी कंची?"
अष्टमी, साहेब.
"भांग. पानी जास्त चढनार नाय."
आणि सही केली.

मी तेव्हा काही बोललो नाही.
हेही लिहून ठेवायला हवं.

पुढच्या निवडणुकीत घरच्याच बूथवर मतं आटली.
केणी आळीत सगळे भेटले, सगळ्यांनी चहा दिला,
कुणी एका शब्दानं बोललं नाही.

आता संध्याकाळी आम्ही दोघं धारण तलावाशी जातो.
शहर भरतीच्या पातळीखाली आहे,
म्हणून तलाव, म्हणून लोखंडी झडपा;
खाडी चढली की आपोआप मिटतात,
उतरली की उघडतात.
माणूस लागत नाही, असं फलकावर लिहिलंय.
काल एक झडप अर्धवट उघडी होती,
फटीत गाळ, एक फाटकी गोणी,
आणि खारं पाणी सावकाश आत.
साहेबांनी महापालिकेला फोन लावला.
पलीकडून विचारलं, आपण कोण बोलताय?
ते क्षणभर थांबले.
माजी म्हणतील, असं मला वाटलं.
"उघाडीवाला," म्हणाले.
कुठलं खातं?
साहेबांनी फोन माझ्या हातात दिला
आणि चपला काढून उतारावर बसले,
काठीनं ती गोणी ओढू लागले.
मी तक्रार क्रमांक लिहून घेतला.
आज द्वादशी. बाराची पाऊणपट, नऊ.
अजून दोन तास पाणी चढणार होतं.